चॉकलेटच्या गावाचा मायबाप

परदेशी चॉकलेटे आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळू लागली नव्हती, त्या काळात अमेरिकेहून सुटीवर येणाऱ्या आप्तांच्या बॅगेतून एक पुडा हमखास निघत असे. चंदेरी पन्नीत गुंडाळलेली, टोकाशी निमुळती होत गेलेली चॉकलेटे त्यात असत आणि प्रत्येकाच्या शेंड्यातून कागदाची एक बारीक पट्टी डोकावत असे. पुड्यावरचे हर्शी हे नाव आपल्याला कंपनीचे म्हणून ठाऊक होते. ते एका माणसाचेही नाव आहे आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका लहानशा गावाचेही. या गावातील मुख्य रस्त्याला चॉकलेट अव्हेन्यू म्हणतात, त्याला छेदणाऱ्या रस्त्याला कोको अव्हेन्यू. बाकीच्या अनेक रस्त्यांना कराकस, त्रिनिदाद, जावा अशी कोकोच्या मुलखांची नावे आहेत. चॉकलेट अव्हेन्यूवरील दिव्यांचे आकारही त्या निमुळत्या चॉकलेटासारखे आहेत. प्रवाशाला ही मोठी गंमत वाटते. परंतु ज्या माणसाने हे गाव वसवले, त्याने ते गमतीसाठी वसवले नव्हते. आणि ज्यांनी तेथील कारखान्यात आयुष्य वेचले, त्यांच्यासाठीही ते केवळ गोड स्वप्न नव्हते.

मिल्टन स्नेव्हली हर्शी यांचा जन्म १३ सप्टेंबर १८५७ रोजी याच परिसरातील एका शेतघरात झाला. परगण्याचे नाव डेरी. दुधाशी या नावाचा संबंध नाही; आयर्लंडहून आलेल्या वसाहतकारांनी ते आपल्या मायभूमीवरून दिले. पुढे मात्र या परगण्याचे भाग्य दुधानेच उजळले. हर्शी घराणे मूळचे जर्मनभाषक मेनोनाइट पंथीयांचे. साधी राहणी, कष्ट, काटकसर आणि कर्ज घेण्याविषयी अढी, हे या लोकांचे गुण. आई फॅनी यांच्यात ते पुरेपूर होते. वडील हेन्री मात्र अगदी वेगळ्या प्रकृतीचे. पुस्तकांचे वेड, नव्या कल्पनांची हौस आणि कोणताही उद्योग तडीस नेण्याची असमर्थता. शेती झाली, खनिज तेलाच्या मागे धावणे झाले. प्रत्येक वेळी पदरी नुकसान. या भटकंतीत मिल्टनच्या शाळा सारख्या बदलत राहिल्या आणि चौथीच्या आसपास त्याचे शिक्षण थांबले. १८६७ मध्ये धाकटी बहीण सरीना तापाने दगावली. आईवडिलांमधील दुरावा वाढत गेला आणि अखेरीस दोघे वेगळे राहू लागले. घर असूनही घर नसलेल्या मुलाचे दुःख मिल्टनला फार लवकर कळले. पुढच्या आयुष्यातील त्यांच्या अनेक निर्णयांची मुळे या बालपणात सापडतात.

शाळा सुटल्यावर वडिलांनी त्याला एका जर्मन नियतकालिकाच्या छापखान्यात उमेदवारीला लावले. तेथे त्याचे मन रमले नाही आणि लवकरच नोकरीही गेली. मग आईने पुढाकार घेतला. १८७२ मध्ये लँकेस्टर येथील जोसेफ रॉयर या मिठाईवाल्याकडे मिल्टन काम शिकू लागला. साखरेचा पाक कोणत्या क्षणी उतरवायचा, हे तेथे पुस्तकाने नव्हे, नजरेने आणि बोटाने शिकावे लागे. चार वर्षांत त्याने हे कसब आत्मसात केले आणि १८७६ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियात स्वतःचे दुकान थाटले. आई आणि मावशी मॅटी दोघी मदतीला आल्या. सहा वर्षे रात्रंदिवस राबूनही दुकान बुडाले. नंतर डेन्व्हर येथे एका कॅरॅमल बनवणाऱ्याकडे काम करताना त्यांना एक रहस्य गवसले: ताजे दूध घातले की कॅरॅमल मऊ राहते, त्याची चव वाढते आणि ते टिकतेही. ही विद्या घेऊन त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा नशीब आजमावले. १८८६ मध्ये तेथेही दिवाळे निघाले.

तिशीच्या उंबरठ्यावर, रिकाम्या खिशाने ते लँकेस्टरला परतले, तेव्हा मामांनी पाठ फिरवली. बापाच्या वळणावर गेलेला मुलगा अशीच नातलगांची समजूत झाली होती. अशा वेळी धावून आला तो त्यांचा जुना सहकारी विल्यम लेबकिचर. मिठाईची उपकरणे मालवाहतुकीचे पैसे न भरल्यामुळे अडकून पडली होती. ती सोडवायला त्याने पैसे दिले. या उपकाराचा हर्शींना पुढे कधी विसर पडला नाही. पुन्हा कढया चढल्या. एका इंग्रज व्यापाऱ्याला त्यांचे दुधाचे कॅरॅमल आवडले आणि त्याने मोठी मागणी नोंदवली. ती पुरी करण्यासाठी लागणारे कर्ज मिळाले आणि गाडी रुळावर आली. काही वर्षांतच लँकेस्टर कॅरॅमल कंपनीत हजाराहून अधिक माणसे काम करू लागली.

येथे थांबले असते, तरी हर्शी सुखवस्तू कारखानदार म्हणून सुखाने जगले असते. परंतु १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी जर्मनीतील ड्रेस्डेनच्या लेमान कंपनीची चॉकलेट बनवण्याची यंत्रे पाहिली. भाजलेल्या कोकोचा दरवळ, फिरणारे दगडी रूळ आणि त्यांतून बाहेर पडणारा तुकतुकीत चॉकलेटचा रस पाहून ते तेथेच खिळले. प्रदर्शन संपल्यावर ती यंत्रे त्यांनी विकत घेतली. दुधाचे चॉकलेट तेव्हा स्वित्झर्लंडची मिरास होती. श्रीमंतांनी चाखावी अशी महाग चीज. ते कामगाराच्या मुलालाही परवडेल अशा किमतीत बनवायचे, ही हर्शींची जिद्द. १९०० मध्ये त्यांनी कॅरॅमलचा व्यवसाय दहा लाख डॉलरला विकला आणि चॉकलेटचा तेवढा स्वतःकडे ठेवला. जन्मगावच्या शेतावर गायी बांधल्या आणि दूध आटवण्याचे प्रयोग सुरू केले. दूध करपे, नासे, चॉकलेटला खवट वास येई. बरेच घाणे वाया गेल्यावर मलई काढलेले दूध साखरेबरोबर निर्वात कढईत मंद आटवण्याची युक्ती साधली. पुढे पाच सेंटची हर्शी चॉकलेटची वडी अमेरिकेच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. वडीचे वजन वेळोवेळी बदलले, पण पाच सेंट ही किंमत १९६९ पर्यंत टिकून राहिली.

आता मोठा कारखाना हवा होता. शहाण्यासुरत्या माणसाने तो एखाद्या शहरात, रेल्वेच्या मोठ्या ठाण्याजवळ उभारला असता. हर्शींनी डेरीची मोकळी शेते निवडली. हा केवळ जन्मभूमीचा लळा नव्हता. आसपास दूध देणाऱ्या शेतकऱ्यांची दाट वस्ती होती, पाणी मुबलक होते, बांधकामाला चुनखडीचा दगड तेथेच निघत होता आणि रेल्वेही जवळून जात होती. कष्टाची सवय असलेली माणसेही होती. १९०३ मध्ये पाया खणला गेला आणि १९०५ मध्ये कारखान्याचे बांधकाम पूर्ण झाले. त्याबरोबरच गावही आकार घेऊ लागले.

त्या काळच्या अमेरिकेत कारखानदाराने वसवलेली गावे नवी नव्हती. खाणींभोवतीच्या वस्त्यांत कामगाराची मजुरी मालकाच्याच दुकानात आणि मालकाच्याच घरभाड्यात परत जात असे. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमनने देखणे गाव उभारले, परंतु मजुरी कापूनही घरभाडे कमी न केल्यामुळे १८९४ मध्ये तेथे इतिहासप्रसिद्ध संप झाला. हर्शींना वेगळे काही घडवायचे होते. घरे एकाच साच्यातील नसावीत, त्यांना अंगण असावे, कामगाराला ती विकत घेता यावीत, असा त्यांचा आग्रह होता. गावात बँक आली, मोठे दुकान आले, विद्युत ट्राम धावू लागली. शेताशेतांतून दुधाचे कॅन ट्रामने कारखान्यात येत आणि त्याच ट्रामने कामगारही. १९०७ मध्ये लोकांच्या विरंगुळ्यासाठी उद्यान खुले झाले. शाळा, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, प्राणिसंग्रहालय, एकेक भर पडत गेली. गावाचे नाव ठरवण्यासाठी स्पर्धा घेण्यात आली. पहिल्या आलेल्या हर्शीकोको या नावात जाहिरातीचा वास येतो म्हणून टपाल खात्याने ते नाकारले, आणि नुसते हर्शी उरले.

कारखान्यातील दिवस कष्टाचा होता. कोकोच्या बिया भाजून, पाखडून, दळून झाल्या की आटवलेल्या दुधाशी त्यांचे मिश्रण होई आणि मग ते ग्रॅनाइटच्या रुळांखाली तासन्‌तास, दिवसेंदिवस घोटले जाई. ते गरम यंत्रांचे आणि सततच्या घरघरीचे काम. बांधणीच्या विभागात तरुण मुलींच्या रांगा असत. १९०७ मध्ये निघालेली निमुळती किस चॉकलेटे १९२१ मध्ये यंत्र येईपर्यंत एकेक करून हातानेच पन्नीत गुंडाळली जात. स्वतः हर्शींच्या मातोश्रींनी मुलाच्या कारखान्यासाठी असे कागद गुंडाळण्याचे काम म्हातारपणापर्यंत सोडले नव्हते. गावाजवळच्या दगडाच्या खाणीत इटलीहून आलेले मजूर राबत. कारखान्याच्या धुराड्यांतून निघणारा गोडसर दरवळ गावभर पसरे. कामावर असलेल्याच्या आणि नसलेल्याच्याही घरात तो सारखाच शिरे.

या साऱ्या गावाचा कारभार मात्र एका माणसाच्या मनाप्रमाणे चाले. हर्शीला ना महापौर होता, ना स्वतःची नगरपालिका. अमुक धंदे येथे नकोत, दारूचे गुत्ते नकोत, असे मालकाने आधीच ठरवून ठेवले होते. हर्शी मोटारीतून गावात फिरत आणि कोणाचे अंगण नीटनेटके नाही, इकडे त्यांचे बारीक लक्ष असे. नोकरी त्यांची, बँक त्यांची, दुकान त्यांचे, ट्राम त्यांची. आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी मायबाप सरकार असा शब्द असे. हर्शी गावाचे नाते नेमके त्याच जातीचे होते. मायबाप प्रेमळ होता, उदार होता. पण घरातल्या मुलांनी वयात यावे, आपले मत मांडावे, ही सोय त्या घरात नव्हती.

त्यांच्या स्वतःच्या घरी मूल नव्हते. १८९८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांनी कॅथरीन स्वीनी या आयरिश कॅथलिक तरुणीशी न्यूयॉर्कमध्ये विवाह केला. मेनोनाइट आईला ही सून रुचली नाही. किटी हसतमुख आणि शौकीन होती. हर्शींचा तिच्यावर अपार जीव. तिला जडलेल्या मज्जासंस्थेच्या व्याधीने मात्र ती हळूहळू जखडत गेली. मूल होणार नाही हे स्पष्ट झाल्यावर उभयतांनी १५ नोव्हेंबर १९०९ रोजी पोरक्या मुलांसाठी हर्शी इंडस्ट्रियल स्कूल या शाळेचे विश्वस्तपत्र केले. ज्या शेतघरात हर्शी जन्मले, तेथेच ती सुरू झाली. वडील गमावलेल्या मुलांना घर, अन्न, कपडे, शिक्षण आणि हाताला एखादे कसब, सारे विनामूल्य. मुले शेतावरील घरांत राहत, पहाटे गायींच्या धारा काढत आणि मग वर्गात जात. त्या काळाचा कलंक या दस्तावरही होता: प्रवेश फक्त गोऱ्या मुलांना. ही अट दूर व्हायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. मुलींना तर त्यानंतर, १९७० च्या दशकात प्रवेश मिळाला.

२५ मार्च १९१५ रोजी किटी गेली. हर्शींनी पुन्हा लग्न केले नाही. १९१८ मध्ये त्यांनी चॉकलेट कंपनीतील आपले समभाग, त्या वेळच्या हिशेबाने सुमारे सहा कोटी डॉलरची मालमत्ता, शाळेच्या न्यासाला देऊन टाकली. त्याचा गाजावाजा केला नाही. जगाला ही बातमी कळली ती पाच वर्षांनी, १९२३ मध्ये. म्हणजे गावातील कामगार जे चॉकलेट घोटत होते, त्याच्या नफ्याचा मोठा वाटा आता पोरक्या मुलांच्या ताटात पडत होता. आपला प्रशस्त वाडाही त्यांनी पुढे गावच्या क्लबला दिला आणि वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत ते राहू लागले. साखरेसाठी त्यांनी क्युबात गिरण्या, वसाहत आणि विद्युत रेल्वे उभारली. तेथे नफ्याबरोबर तोटाही झाला. १९२० मध्ये साखरेचे भाव कोसळले तेव्हा ते कर्जाच्या गर्तेत सापडले होते. त्यातूनही ते सावरले.

१९२९ नंतर महामंदीने अमेरिका होरपळली. गावोगाव कारखान्यांना टाळी लागली. हर्शीमध्ये मात्र बांधकामाची धामधूम सुरू झाली. पाच सेंटचे चॉकलेट मंदीतही विकले जात होते आणि सिमेंट-लोखंड स्वस्त होते. टेकडीवर आलिशान हॉटेल, गावात समाजमंदिर आणि नाट्यगृह, शाळेची भव्य इमारत, खेळांसाठी प्रचंड बंदिस्त क्रीडागार, असे एकामागून एक प्रकल्प उभे राहिले आणि शेकडो हातांना काम मिळाले. एक यंत्र चाळीस माणसांचे काम करते असे मुकादमाने कौतुकाने सांगताच हर्शींनी ते यंत्र हटवून चाळीस माणसे लावायला सांगितली, अशी एक कथा गावात सांगितली जाते. गावातील पाच चर्चना त्यांनी प्रत्येकी वीस हजार डॉलर देऊन कर्जमुक्त केले. एवढे सगळे देणाऱ्या माणसाविरुद्ध कोणी उभे राहील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

आणि १९३७ चा एप्रिल आला. १९३५ च्या कायद्याने कामगारांना संघटना करण्याचा हक्क दिला होता आणि मोटार कारखान्यांतील कामगारांनी आत ठाण मांडून संप जिंकला होता. ते वारे हर्शीतही शिरले. कामगारांची तक्रार उपासमारीची नव्हती. हंगामी कपात करताना कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे, याला नियम असावा. सेवाज्येष्ठता मानली जावी. मुकादमाची मर्जी हाच कायदा नसावा, एवढे त्यांचे मागणे होते. कंपनीशी करार झाला, पण कपातीवरून पुन्हा वाद पेटला. २ एप्रिलला संघटनेच्या कामगारांनी यंत्रे थांबवून कारखान्यातच मुक्काम ठोकला.

चॉकलेट थांबले की दूध थांबते, आणि दूध थांबवून ठेवता येत नाही. रोज लाखो पौंड दूध कारखान्यात ओतणाऱ्या शेतकऱ्यांवर ते फेकून देण्याची पाळी आली. मंदीने आधीच वाकलेली ही माणसे खवळली. संपाला विरोध असलेले कामगार त्यांना मिळाले. ७ एप्रिलला हातांत दंडुके आणि लोखंडी नळ्या घेतलेला जमाव कारखान्यात घुसला. संपकऱ्यांना मारहाण करून बाहेर काढण्यात आले. दोन्ही बाजूंनी बरसणाऱ्या ठोशांमधून रक्तबंबाळ माणसे वाट काढत होती. मारणारे आणि मार खाणारे एकमेकांना नावाने ओळखत होते. संप पाच दिवसांत मोडला. पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगार कायदा वैध ठरवला आणि पुढे हर्शीच्या कामगारांना स्वतंत्र संघटना मिळालीच. मालकाच्या कृपेने जे मिळत होते, ते आता हक्काने, लेखी करारात आले.

हर्शींना हा घाव खोल लागला. आपण काय कमी केले, हा दात्याला पडणारा प्रश्न त्यांनाही पडला असणार. परंतु कामगारांचा प्रश्न निराळा होता. आपल्याला किती मिळते याहून, ते ठरवताना आपल्याला विचारले जाते का, असा तो होता. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला नव्या क्रीडागारात हर्शींचा ऐंशीवा वाढदिवस थाटाने साजरा झाला, हजारो माणसे जमली. गावाचे आपल्या मायबापावर प्रेम होते, यात शंका नाही. पाच महिन्यांपूर्वी मार खाल्लेली माणसेही याच गावची होती, हेही तितकेच खरे.

अखेरच्या वर्षांत कारखान्याने अमेरिकी सैनिकांसाठी उन्हात न वितळणारी, भूक भागवणारी चॉकलेटची वडी तयार केली. सैनिकाने ती आवडीने आधीच खाऊन टाकू नये म्हणून तिची चव मुद्दाम बेताची ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात अशा तीन अब्जांहून अधिक वड्या गावातून रवाना झाल्या. युद्ध संपल्यानंतर दोन महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९४५ रोजी, मिल्टन हर्शी यांचे त्यांच्या गावातच निधन झाले. सारी संपत्ती आधीच देऊन झालेली असल्याने मागे ठेवण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. त्यांच्या शाळेतील मुलांनीच त्यांना अखेरचा खांदा दिला.

गोष्ट येथे संपत नाही. २००२ मध्ये हर्शीच्या कामगारांनी आरोग्यविम्याच्या प्रश्नावर ४४ दिवसांचा संप केला. काही आठवड्यांतच न्यासाच्या विश्वस्तांनी कंपनी विकायला काढल्याचे उघड झाले. रिगली या च्युइंगगम कंपनीने साडेबारा अब्ज डॉलर देऊ केले. शाळेची तिजोरी भरली असती, पण गावाचे काय झाले असते? कामगार, शाळेचे माजी विद्यार्थी, दुकानदार, निवृत्त व्यवस्थापक असे सारे रस्त्यावर उतरले. प्रकरण न्यायालयात गेले आणि सप्टेंबरमध्ये विश्वस्तांना माघार घ्यावी लागली. १९३७ मध्ये ज्या गावात दोन तट पडून रक्त सांडले होते, ते या वेळी एका बाजूला उभे होते.

चॉकलेट अव्हेन्यूवरील जुन्या कारखान्यातील उत्पादन २०१२ मध्ये थांबले. गावाच्या पश्चिमेला आधुनिक कारखाना आहे, जुन्या इमारतीची दोन धुराडी खुणेसाठी राखली आहेत. शाळेत आज सुमारे दोन हजार मुले-मुली शिकतात. एका पोरक्या मनाच्या मुलाने आपल्याला न मिळालेले घर हजारो मुलांना मिळवून दिले, हे हर्शींचे थोरपण कोणी नाकारणार नाही. मात्र गाव उभारणे आणि गाव आपले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले काम एका माणसाने केले. दुसरे करायला तेथे राबणाऱ्या माणसांच्या तीन पिढ्या लागल्या.